शंभर टनांतले आमचे किती?

प्रति,
मा. अध्यक्ष, उपाध्यक्ष व सर्व संचालक,
सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील सहकारी साखर कारखाने

विषय : वाढलेल्या टनेजची वाटणी

महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या गटाचा ऊस परिसंवाद झाला. मंगल कार्यालय गच्च भरलं होतं. एकरी शंभर टनांच्या वर गेलेल्या तिघांना फेटे बांधले, शाल-नारळ दिला. पडद्यावर उपग्रहानं टिपलेलं कुणाचं तरी शिवार हिरवं-पिवळं दिसत होतं आणि बाहेरून आलेले साहेब सांगत होते की आता पाणी कधी सोडायचं, खत किती टाकायचं, हे एआय मोबाईलवर सांगेल. शेवटी ‘कुणाला काही विचारायचंय का’ असं म्हटल्यावर मी हात वर केला. माईक पहिल्या दोन रांगांत फिरला आणि जेवणाची घोषणा झाली. मसालेभात चांगला होता. प्रश्न मात्र पोटातच राहिला, म्हणून हे पत्र.

प्रश्न एका ओळीचा आहे. एकरी साठ टनांचे शंभर झाले, तर वरच्या चाळीस टनांतले माझे किती?

हा विरोध समजू नका. मी वाळवा तालुक्यातला साडेतीन एकरांचा अ वर्ग सभासद. ठिबक केलंय, पाच फुटी सरी सोडतो, रोपं लावतो, पाचट जाळत नाही. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातला एआयचा ऊस जाऊन बघून आलोय. राज्य सरकारनं जून २०२५ मध्ये महाॲग्री-एआय धोरण आणलं, पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी ठेवले, हेही वाचलंय. ते यंत्र आलं तर मीही बसवीन. पण माझ्याकडं वडिलांची वही आहे. १९९४ पासून लागणीपासून बिलापर्यंत त्यांनी सगळं लिहिलं, त्यांच्या माघारी मी लिहितो. पहिल्या पानावर आडसालीचं, म्हणजे पावसाळ्यात लावलेल्या दीड वर्षाच्या उसाचं, एकरी ॲव्हरेज ४० टन आहे. गेल्या हंगामातलं ६८. तीस वर्षांत एकरी २८ टन वाढले. ते गेले कुठं, हे शोधायला मी चार रात्री वही घेऊन बसलो.

आधी ते आले कुठून, ते सांगतो. पहिल्या पानावर वाण ७४० आहे. पुढं काही वर्षांनी ८६०३२ येतो, आणि तिथून ॲव्हरेज चढायला लागतं. या आकड्यातला ८६ म्हणजे १९८६. त्या साली कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेत या वाणाला क्रमांक मिळाला. फलटण तालुक्यातल्या पाडेगावच्या संशोधन केंद्रानं तो आपल्या मातीत पारखला आणि १९९६ मध्ये ‘नीरा’ नावानं त्याची शिफारस झाली. दहा वर्षांचं काम. कोइमतूरची संस्था १९१२ ची, पाडेगावचं केंद्र १९३२ चं, दोन्ही सरकारी पैशावर. म्हणजे ज्यानं उसाचा फड कधी बघितला नाही, अशा माणसाच्या काडीपेटीवरच्या करातून माझं बेणं तयार झालं. पाणी कृष्णेचं, उपसा योजना पाणीपुरवठा संस्थेची, ठिबकला अनुदान. आणि पट्टा पद्धत मला कुठल्या परिसंवादात कळली नाही, मावसभावानं त्याच्या बांधावर उभं करून दाखवली. यात माझा घाम किती आणि दुसऱ्यांचं देणं किती, हे वेगळं काढता येत नाही. म्हणून २८ टन सगळे माझे, असं मी म्हणतच नाही. पण थोडे तरी माझे असतील की नाही?

वहीप्रमाणं त्यातले १३ टन खर्चातच जातात. पूर्वी बेणं घरचं असायचं, आता रोपवाटिकेतून रोपं आणतो. विद्राव्य खतं, ठिबकच्या नळ्या, हुमणीची औषधं, वाढलेलं वीजबिल. टनेज वाढवायचं तर हे लागतंच, पण टनेजचा फेटा बांधताना यातलं काही वजा होत नाही.

पुढचा वाटा भांगलणीच्या बायकांचा. १९९५ ला आम्हाला टनाला ७०० रुपये मिळाले आणि बाईची हजेरी होती २५. एक टन ऊस म्हणजे २८ हजेऱ्या. आज टनाला ३२०० हातात पडतात आणि हजेरी ३०० आहे, म्हणजे टनात साडेदहा हजेऱ्यासुद्धा जेमतेम बसतात. मेळाव्यात याचंच रडगाणं जास्त असतं. मी ते गाणार नाही. शेतीत वाढलेलं ज्याच्याकडं जमीन नाही त्याच्या पदरात पडायचा हाच एक खरा रस्ता आहे, आणि तोही आमच्या दानतीनं उघडलेला नाही. बाहेर दुसरं काम मिळायला लागलं, तेव्हा हजेरी वाढली. याच जिल्ह्यातल्या विसापूरच्या वि. स. पागे यांनी रोजगार हमीचा पहिला प्रयोग १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात केला, पुढं १९७७ मध्ये राज्यानं त्याचा कायदा केला. मजुराला ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे, तरच त्याची मजुरी वाढते, ही गोष्ट आमच्या जिल्ह्याला फार आधी कळली होती.

आता खंडाचं. माझ्या बांधाला लागून दोन एकर आहेत. मालक पुण्यात, कसतो गावातलाच एक माणूस. तीन वर्षांपूर्वी त्यानं स्वतःच्या पैशानं ठिबक टाकलं, शेणखत ओढलं, ५० वरनं ७० टनांवर गेला. मालकाला गावाकडून फोनवर कळलं. पुढच्या गुढीपाडव्याला खंड वाढला, तोही एवढा की वीस टनांतले दोन-तीनच त्याच्याकडं उरले असतील. जमीन काही न करता जास्त कमवायला लागते, ते असं. बरं, उसाची नोंद मालकाच्या नावावर, कारण सातबारा मालकाचा. बिल मालकाच्या खात्यात. कसणाऱ्याला पीककर्ज नाही, पुरात ऊस कुजला तर भरपाईही मालकालाच. आणि आता तुमच्या एआय योजनेचा अर्ज बघा: सोबत सातबारा जोडा. म्हणजे खरा कसणारा या सगळ्यातून आपोआप बाहेर.

मालकाची भीती मला कळते. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर कुळाच्या नावानं जमीन गेल्याच्या गोष्टी घराघरात आहेत, म्हणून सगळे व्यवहार अकरा महिन्यांचे आणि तोंडी. पण ऊस नोंदीत ‘कसणारा’ असा एक रकाना ठेवला आणि त्यानं जमिनीवर कसलाही हक्क येणार नाही असं खाली छापलं, तर बिलाचा ठरलेला भाग थेट त्याच्या खात्यात टाकायला तुम्हाला कोण अडवतं? पश्चिम बंगालनं १९७८ पासून ‘ऑपरेशन बर्गा’ खाली चौदा लाखांच्या आसपास वाटेकऱ्यांची नावं नोंदली. खर्च वाटेकऱ्याचा असेल तर पिकाचा तीन चतुर्थांश भाग त्याचा, हे तिथं कायद्यात होतं. अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की त्यानं भाताचं उत्पादनही वाढलं. चीनचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. १९७८ नंतर सामुदायिक शेती मोडून ठरलेला वाटा सरकारला आणि वरचं कुटुंबाला, असं झालं. १९८४ पर्यंतच्या पीकवाढीतला जवळपास निम्मा भाग निव्वळ या बदलाचा, असा हिशेब जस्टिन लिन या अर्थतज्ज्ञांनी मांडला. वाटणी हा सुगीनंतरचा विषय आहे असं आपण धरून चालतो. तिथं वाटणी आधी बदलली आणि मग पीक वाढलं.

आता तुमच्या काट्याकडं येतो.

२०१७-१८ ला एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, क्विंटलला २५५ रुपये होती, साडेनऊ टक्के उताऱ्याला, म्हणजे शंभर किलो उसातून साडेनऊ किलो साखर निघाली तर. वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला २ रुपये ६८ पैसे. पुढच्या हंगामाला २७५ जाहीर झाली आणि पेपरात मथळा आला, ‘एफआरपीत वीस रुपयांची वाढ’. पण त्याच दमात पायाभूत उतारा साडेनऊचा दहा केला होता. आपल्या भागाचा उतारा १२ धरा. पहिल्या वर्षी २५५ अधिक पंचवीस टप्प्यांचे ६७, म्हणजे ३२२. दुसऱ्या वर्षी २७५ अधिक वीस टप्प्यांचे, २ रुपये ७५ पैशांनी, ५५. म्हणजे ३३०. वाढ आठ रुपयांची! टनाला दोनशे ऐकले, ऐंशी मिळाले. २०२२-२३ ला पुन्हा तेच. २९० चे ३०५ झाले आणि पाया दहाचा सव्वादहा. १२ उताऱ्याला ३४८ चे ३५८ रुपये ३८ पैसे. टनाला दीडशेची बातमी, पदरात १०४.

हे दिल्लीत ठरतं, तुमच्या बोर्डात नाही, हे मान्य. पण मी ज्या कारखान्याचा सभासद आहे, तिथल्या एकाही वार्षिक सभेत हा हिशेब आम्हाला कुणी फोड करून सांगितला नाही. दरवाढीचं अभिनंदन करणारा ठराव मात्र टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. टाळी मीही वाजवली होती.

उतारा वाढला कशानं? वाणानं, वेळेवर तोडीनं, तुमच्या सुधारलेल्या यंत्रांनी. त्याच वर्षांत उत्तर प्रदेशात ०२३८ या वाणानं उतारा झपाट्यानं चढत होता. सगळीकडं ऊस सुधारला की पाया वर सरकतो आणि काल ज्याचे जादा पैसे मिळत होते, ते आज साधं होऊन बसतं. विलार्ड कॉकरेन या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं १९५८ मध्ये याला ट्रेडमिल म्हटलं. नवं तंत्र पहिल्यांदा आणतो तो दोन-चार वर्षं कमावतो. मग सगळेच आणतात, माल वाढतो, भाव उतरतो, आणि जो मागं राहिला त्याला निव्वळ टिकायला तेच तंत्र घ्यावं लागतं. आपल्याकडं घाण्याचा बैल होता. त्याच्या डोळ्याला झापड तरी बांधायचे, त्याला वाटायचं आपण कुठंतरी चाललोय.

माझे व्याही तासगावकडं द्राक्षं करतात. उसाला निदान एफआरपीची भिंत आहे, त्यांना तीही नाही. डॉगरिज खुंट आले, ठिबक आलं, खरड छाटणीपासून फळ छाटणीपर्यंत डायरी आली, माल भरघोस निघायला लागला. ज्या वर्षी सगळ्यांचाच चांगला निघतो, त्या वर्षी बेदाण्याचा भाव बसतो. वर सौद्यात बघायला म्हणून बॉक्समधला बेदाणा उधळायचा, आणि तो उधळलेला माल कुणाचा, हे विचारायचं नाही. व्याही म्हणतात, ‘पीक येतंय, पैसा येत नाही.’

यात कुणाचंच भलं होत नाही असंही नाही. खाणाऱ्याचं होतं. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं १९६६ मध्ये आयआर-८ वाण दिला, त्यानंतरच्या काही दशकांत महागाई वजा जाता तांदूळ स्वस्त होत गेला, आणि आशियातल्या कोट्यवधी गरिबांचं पोट त्यानं भरलं. हा वाटा न्याय्यच आहे. भाव पडला तरी जो स्वतः पिकवून घरीच खातो, त्याचं फारसं बिघडत नाही, जसं जतकडं शाळू करणाऱ्याचं. पण ऊस घरी खाऊन संपत नाही. तो सगळाच्या सगळा तुमच्या काट्यावर येतो, म्हणून आमची वाटणीही तुमच्याच काट्यावर होते.

तिथंच आणखी एक गोष्ट. बिल सगळ्या कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर निघतं. मी ८६०३२ पक्व करून, पाणी वेळेत तोडून दिला काय, किंवा शेजाऱ्यानं पाण्यानं फुगवून कोवळा दिला काय, टनाचा दर एकच. म्हणजे साखर वाढवायचं बक्षीस मला नाही, वजन वाढवायचं आहे. मग मी युरिया मारणार आणि पाणी सोडतच राहणार. कृष्णाकाठची किती जमीन अशीच पाणी लागून क्षारपड झाली, ते मिरज, पलूस, वाळव्यात कुणालाही विचारा. उपग्रह जर प्रत्येक प्लॉटचा ब्रिक्स, म्हणजे रसातल्या गोडीचं माप, सांगतो असा तुमचा दावा आहे, तर मग प्लॉटवार उताऱ्यावर दर का नाही? यंत्र खरं असेल तर त्याचा उपयोग तोडीचा क्रम लावण्याइतकाच दराला करा. नाहीतर त्या माहितीनं कारखान्याचा उतारा वाढेल आणि माझं बिल तिथंच राहील.

तोडणी-वाहतुकीचंही तसंच. आमच्या बिलातून टनाला नऊशेच्या आसपास कापले जातात, तेही सरासरीनं. लांबून गेटकेन, म्हणजे कार्यक्षेत्राबाहेरचा ऊस, आणलात की त्या डिझेलचा भाग काट्यापासून चार किलोमीटरवरचा माणूसही भरतो. आणि त्या कपातीतलं कोयत्याला किती पोचतं? कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक, ही मोजणीच मला अजून टोचते. बीडकडचे असोत की आपल्याच जत-आटपाडीचे, दोघांच्या कामाची मजुरी एकाच नावावर. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, बरं झालं. पण एकरी सत्तर टनांचा ऊस वाऱ्यात लोळतो, तो तोडायला वेळ जास्त लागतो, आणि दर मात्र टनावर. मग टोळी शेतकऱ्याकडं खुशाली मागते, ड्रायव्हर एंट्री मागतो, आणि बांधावर आमचीच आपसांत भांडणं. वाढलेल्या टनेजचा हा भार कुणी उचलायचा, हे कधी कुणी ठरवलंच नाही. आता हार्वेस्टर येताहेत. त्यांच्या उसाला पाचटापोटी वजनात कपात आहे. कोयत्यांचं काम गेल्यावर वाचणारा पैसा कुणाच्या खात्यावर जमा होणार?

तुमचीही अडचण आहे. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये ३१ रुपये केला, त्यानंतर एफआरपी वर्षामागून वर्षं वाढत गेली आणि तो ३१ वरच बसून राहिला. कर्ज काढून पहिली उचल द्यावी लागते, हे मला माहीत आहे. पण मग वही उघडी ठेवा. रंगराजन समितीनं २०१२ मध्ये साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा उसाला, असं सांगितलं. राज्यानं २०१३ मध्ये त्यावर कायदा केला. पण त्या सूत्रात मळी आणि बगॅस (उसाचा चोथा) कच्च्या मालाच्या भावानं धरतात. त्या मळीचं इथेनॉल झाल्यावर आणि बगॅसची वीज झाल्यावर जी किंमत वाढते, ती सूत्राच्या बाहेर राहते. सहकारी कारखान्यात ती शेवटी सभासदाचीच, असं तुम्ही म्हणाल. बरोबर. मग दिवाळीच्या हप्त्यात ती वेगळी दाखवा. सवलतीच्या साखरेच्या पोत्यावर आमची समजूत घालू नका.

बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी १९८० च्या दशकात येरळेवर बळीराजा धरण बांधलं, तेव्हा पाणी कुणाला किती, हे धरणाच्या आधी ठरलं होतं. जमीन असो नसो, घराला समान पाणी, असा तो विचार. आटपाडीच्या पाणी परिषदांनी १९९३ पासून तोच लावून धरला. तुम्हा मंडळींपैकी कितीतरी जण त्या परिषदांना व्यासपीठावर बसलेले मी बघितलेत. तीच रीत उसाला लावायला काय हरकत आहे?

म्हणून माझं मागणं आहे की सप्टेंबरच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर ‘एआय व एकरी शंभर टन योजनेतील वाढीव उत्पन्नाची वाटणी’ असा स्वतंत्र विषय घ्यावा, ‘ऐन वेळच्या विषयां’त ढकलू नये. ऊस नोंदीत कसणाऱ्याचा रकाना, निदान दोन गटांत प्लॉटवार उताऱ्याच्या दराचा प्रयोग, अंतरावर आधारलेली वाहतूक कपात, आणि कोयत्यातल्या बाईच्या नावावर तिची मजुरी. इतकं चर्चेला आलं तरी पुरे. बिलाच्या पावतीवर पायाभूत उतारा आणि आमचा उतारा शेजारी शेजारी छापायला तर सभेचीही गरज नाही, उद्या छापता येईल.

या पत्राची एक प्रत गट ऑफिसला देऊन पोच घेतली आहे. विषय घेणार नसाल तर तसं लेखी कळवा. घेणार असाल तर सभेला मी लवकर येतो आणि या वेळी पहिल्या रांगेत बसतो.

आपला,
एक अ वर्ग सभासद
ता. वाळवा, जि. सांगली